तिसरा पॅरामीटर

जोतीरामचा फोन आला तेव्हा मेघना ऑफिसच्या खिडकीशी उभी राहून चहा पीत होती, आणि चहा इतका गरम होता की त्याचं पहिलं वाक्य तिनं नीट ऐकलंच नाही. दुसरं ऐकलं. "मॅडम, मशीन एकाच माणसाच्या कार्डाला मरतंय." जोतीराम हा कंपनीचा फिरता तंत्रज्ञ. बारामती-इंदापूर पट्ट्यात कंपनीनं बसवलेले पाण्याचे पॅनल सांभाळणं हे त्याचं काम, आणि प्रत्येक बिघाड घरातल्या माणसाचं दुखणं सांगावं तसा सांगणं ही त्याची खोड. "बाकी समदी कार्डं चालत्यात. ह्ये एक लावलं की पॅनल काळं पडतं, मोटर ट्रिप हुती, आन् समद्यांचं पाणी बंद. परत चालू करून पाळीला लावायचं म्हंजी निम्मी लाईट त्यातच जाती." कोणाचं कार्ड, तिनं विचारलं. "झुंबरवस्तीवर बुद्धघोष म्हणून हायेत एक," तो म्हणाला आणि थांबला. तो मुद्दाम थांबला, की मागून ट्रक गेला म्हणून थांबला, हे फोनवरून कळायला मार्ग नव्हता. ट्रकचा आवाज आला होता हे खरं. पण मेघनाच्या मनात पाल चुकचुकली ती चुकचुकलीच, आणि हातातला चहा तिनं तसाच खिडकीत ठेवून दिला.

आता या मशीनचं काम तसं सरळ होतं. झुंबरवस्ती इंदापूर तालुक्यात, नीरेच्या काठाला. तिथल्या पाणी संस्थेचा नदीवर एक पंप, आणि त्या पंपावर सगळ्यांची शेतं. ज्याची पाळी त्यानं आपलं कार्ड पॅनलला लावायचं, की त्याच्या शेताकडचा व्हॉल्व्ह उघडतो. पण उघडायच्या आधी पॅनलवर मोठ्या अक्षरांत त्याचं पूर्ण नाव यायचं. ही संस्थेची अट होती. वस्तीवर जुनी रीत अशी की पाणी आपल्याकडं वळवून घेणाऱ्यानं बारं, म्हणजे पाटाचं तोंड, फोडायच्या आधी बांधावर उभं राहून आपलं, बापाचं आणि घराण्याचं नाव मोठ्यानं पुकारायचं, म्हणजे खालच्या रानातल्यालाही कळावं की पाणी आता कोणाकडं चाललंय; न पुकारता घेतलेलं पाणी चोरीचं. संस्थेचे अध्यक्ष दादासो आबा पॅनल घेताना म्हणाले होते, मशीन काय बी करा, पण नाव पुकारलं पायजे. मशीनला तोंड नाही, म्हणून त्यानं लिहून दाखवायचं. ते लिहून दाखवणारं फंक्शन, म्हणजे प्रोग्रामचा तेवढा तुकडा, मेघनानं लिहिलेला होता. त्याला तीन पॅरामीटर होते: नाव, वडिलांचं नाव, आडनाव. ऑफिसच्या बैठकीत ती रीत ऐकून सगळे कौतुकानं हसले होते, तीही हसली होती, आणि हसता हसता तिला वाटलं होतं की ज्यांनी घराण्याचं नाव पुकारायचं नाही असं ठरवलंय ते बांधावर काय करत असतील. वाटलं आणि गेलं. अशा गोष्टी तिला दिवसातून दहादा वाटायच्या, त्या जाऊ दिल्या नाहीत तर नोकरी करता येत नाही.

ऑफिसात तिला 'चेकपोस्ट' म्हणत. हे नाव अजितनं ठेवलेलं. अजित तिचा वरिष्ठ, माळेगावचा, कामाला वाघ आणि बोलायला मोकळा. तिच्या प्रत्येक फंक्शनच्या दारात पहारा असायचा: आलेली किंमत रिकामी तर नाही, मापाबाहेर तर नाही, जिथून आल्याचं सांगते तिथलीच आहे ना. "अगं, आपलाच कोड आपल्याच कोडला बोलावतोय, इथं कोण दरोडेखोर येणारे?" असं अजित म्हणायचा. ती म्हणायची, दारात विचारलेलं बरं. आत आल्यावर विचारून काय उपयोग. कंपनीचं काम अगदी खालच्या थरातलं, जिथं प्रोग्राम आणि यंत्राची पाटी, म्हणजे आतला बोर्ड, यांच्यात तिसरं कोणी नसतं. तिथं एक चुकीची किंमत आत आली तर चूक झाली असं सांगायलाही कोणी उरत नाही, यंत्रच आडवं होतं. तिला ते काम आवडायचं. संशय घेतल्याबद्दल पगार मिळतो अशी दुसरी नोकरी तिला माहीत नव्हती. फुकटात तर ती तो जन्मभर घेत आलीच होती.

भवानीनगरच्या कारखाना वसाहतीत ती वाढली. वडील रविंद्र कारखान्यात टाइमकीपर. त्यांनी मुलीला दोनच नियम शिकवले: विचारल्याशिवाय सांगायचं नाही, आणि विचारलं तर खोटं बोलायचं नाही. या दोन नियमांच्या मधल्या बोळातून ती शाळा, कॉलेज आणि नोकरीपर्यंत येऊन पोचली होती. आडनाव जगताप. हे आडनाव मोठं सोयीचं, कारण ते दोन्हीकडं असतं. लोक ऐकतात, मान हलवतात आणि मग थोड्या वेळानं, पाणी देता देता नाहीतर निघता निघता विचारतात, "कुठले जगताप? पणदऱ्याचे का?" ती म्हणायची, भवानीनगरचे. खोटं नव्हतं. विचारणारा त्यावर "असं होय" म्हणायचा, आणि त्या 'असं होय'मध्ये काय आहे हे शोधण्यात तिची पुढची संध्याकाळ जायची. अजितनंही पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं. त्यानंतर पंधरवड्यानं ऑफिसातले स्टीलचे ग्लास जाऊन कागदी कप आले. कप सगळ्यांनाच होते. अजितही त्यातूनच प्यायचा. ग्लास धुणाऱ्या बाईंनी काम सोडलं म्हणून कप आणले, हे तिला नंतर कळलं. पण ते कळेपर्यंत तिनं त्या कपांवर जे जे रचलं होतं ते कळल्यानंतरही पुरतं पडलं नाही. त्याच्या विटा अजून मनात इकडंतिकडं पडलेल्या होत्या, आणि कधीतरी पायाला लागायच्या.

म्हणूनच जोतीरामचा फोन ठेवल्यावर ती आधी पॅनलबद्दल विचार करत नव्हती. ती विचार करत होती की एकाच माणसाच्या कार्डाला मशीन मरतं आणि तो माणूस बुद्धघोष आहे, हे आपोआप कसं होईल. यंत्राला नावं कळत नाहीत. यंत्राला कळावं असं कोणीतरी केलं तरच कळतात. वस्तीवर कोणी कार्ड उन्हात टाकून, चुंबक लावून, काहीतरी करून बिघडवलं असेल. किंवा कार्ड चांगलंच असेल आणि ते लागलं की मोटरीचा खटका कोणी हातानंच पाडत असेल, कोण बघतंय. तिनं दादासो आबांना फोन लावला. आबा अदबीनं बोलले. "ताई, आमचा काय बी आरोप न्हाय त्येंच्यावर. मानूस चांगला हाय. पर त्येंचं कार्ड लागलं की समद्यांची पिकं तान्हेली ऱ्हात्यात. म्हणून आमी ठरवलंय, समद्यांचं झालं की शेवटाला त्येनी कार्ड लावायचं. मशीन मेलं तर मेलं." मग त्यांची पाळी कुठली होती, तिनं विचारलं. "पाळी मधलीच हुती. माझ्या आदूगर. पर आता शेवट." शेवटी लाइट उरते का? "कवा उरती, कवा न्हाय. भेंडी हाय त्येची, तग धरती भेंडी." यात खटका पाडणाऱ्याचा आवाज नव्हता. आवाज समजूतदार होता, सगळ्यांचं भलं बघणाऱ्याचा, आणि मेघनाला त्या आवाजाची जास्त भीती वाटली. भेंडी चैत्रात तग धरत नाही हे कारखान्याच्या वसाहतीत वाढलेल्या मुलीलाही माहीत होतं. शेंग वाकडी होते, मग झाड फूलच धरत नाही.

मग तिचा संशय घराकडं वळला, म्हणजे ऑफिसकडं. झुंबरवस्तीवर आधी जुना पॅनल होता, तेव्हा हे होत नव्हतं. महिन्याभरापूर्वी नवा बसवला, नव्या बोर्डावरचा, तेव्हापासून होतंय. जुन्यावरचा प्रोग्राम नव्यावर आणण्याचं काम अजितनं केलं होतं, आणि आणताना त्यानं 'साफसफाई' केली होती हेही तिला माहीत होतं. तिचे पहारे त्याला नेहमीच जास्त वाटायचे. त्यानं एखादा उडवला असणार. तिला आठवतच होतं, अगदी डोळ्यांसमोर होतं, की तिनं तिन्ही पॅरामीटरना पहारा बसवला होता. समोरच्या टेबलावर अजित फोनवर कोणाशी तरी हसत होता. त्याच्या हसण्याकडं बघता बघता तिनं एक पूर्ण गोष्ट रचली: त्याला नावांची यादी माहीत होती, त्यानं नेमकी तिसरीच तपासणी काढली, कोणाच्या कार्डाला काय होईल हे त्याला ठाऊक होतं, कदाचित तिलाही काहीतरी कळवायचं होतं. गोष्ट अशी घट्ट बसली की ती फाईल उघडायला घाबरली. उघडली आणि खरं निघालं तर याच खोलीत रोज बसायचं कसं. आणि खोटं निघालं तर रचणारीनं स्वतःकडं बघायचं कसं. शेवटी उघडली.

साफसफाई झाली होती, पण भलतीकडं. तिच्या फंक्शनला अजितनं हातही लावला नव्हता. ते जसंच्या तसं होतं, तिच्या हातचं. पहिल्याच ओळीत नावाचा पहारा. दुसऱ्या ओळीत वडिलांच्या नावाचा. तिसरी ओळ नव्हतीच. ती कधीच नव्हती. जी ओळ तिला डोळ्यांसमोर दिसत होती ती फक्त डोळ्यांसमोरच होती. तिनं पडदा खालवर केला, दुसरीकडं कुठं असेल म्हणून पाहिलं. नव्हती. चोराच्या मनात चांदणं म्हणतात. इथं पहारेकऱ्याच्याच मनात निघालं.

काय घडत होतं ते मग उलगडायला वेळ लागला नाही. फंक्शनच्या हातात आडनाव येत नाही, आडनाव ठेवलंय त्या जागेचा पत्ता येतो. आडनाव नसेल तर पत्ता शून्य. जुना बोर्ड गावठी आणि भोळा. शून्य नंबरच्या घरी जा म्हटलं तरी तो जायचा, तिथं जे काही पडलेलं असेल ते उचलून आणायचा आणि दाखवायचा. म्हणजे जुन्या पॅनलवर बुद्धघोषच्या नावापुढं एक अर्थ नसलेला चौकोन उमटत असणार, आणि कोणाचं काही अडत नसणार. नवा बोर्ड शिस्तीचा. शून्य नंबरच्या घराकडं जाणं म्हणजे त्याच्या लेखी गुन्हा, आणि गुन्हा दिसला की तो सगळं जिथल्या तिथं बंद करतो. एका पाटीवर जे चालून गेलं ते दुसऱ्या पाटीवर मरण. याच्यासाठीच तर पहारे असतात. कार्ड भरणाऱ्या प्रोग्रामनं रिकामं आडनाव चालवून घेतलं, आत तपासतील म्हणून. आणि आत मेघनानं तपासलं नाही, बाहेर तपासलं असेल म्हणून. हे रोजचंच, प्रत्येक ऑफिसात चालतं. पण बाकीची दोन तपासली आणि तिसरंच सोडलं, हे रोजचं नव्हतं. तिनं ते लिहितानाचा दिवस आठवून पाहिला. चाचणीसाठी तिनं मनानंच नावं घातली होती, आणि प्रत्येकाला आडनाव दिलं होतं, भरगच्च, कुठं कुठं दुहेरी. बैठकीत वाटून गेलेलं असूनही, आडनावाशिवाय माणूस असू शकतो हे लिहिताना तिला सुचलंच नव्हतं. तिला! आडनाव येणारच, ते तर येतंच, त्याचं काय करायचं हा प्रश्न आल्यानंतरचा. तिचा सगळा जन्म त्या नंतरच्या प्रश्नाला तोंड देण्यात गेला होता. ज्यानं ते मुळात दारातच टाकून दिलं असा माणूस तिच्या हिशेबात बसला नव्हता. तिला शरम वाटली, आणि शरमेच्या पाठोपाठ त्या न पाहिलेल्या माणसाचा थोडा रागही आला. सगळे एक काहीतरी लिहितात, मग याला काय होतं लिहायला?

अजितनं सगळं ऐकून घेतलं, कपाळावर हात मारला, आणि दोष कोणाचा हे काढलंच नाही. हे त्याच्या मोठेपणानं होतं की त्याला काही पडलेलीच नव्हती, हे तिला ठरवता आलं नाही. "सोपं आहे," तो म्हणाला. "कार्ड भरताना आडनाव कंपलसरी करून टाकू. ते संस्थेच्या कॉम्प्युटरवर इथून बसल्याबसल्या होतं. आणि आबांना सांगू, त्या गृहस्थांना काहीतरी भरायला सांगा."

"काहीतरी म्हणजे?"

"काहीही गं. जुनं असेल ते. नाहीतर गावाचं नाव. एक टिंब दिलं तरी चालेल मशीनला."

"चूक फंक्शनमध्ये आहे. दुरुस्ती तिथंच व्हायला पाहिजे."

"मान्य. पण त्यासाठी प्रत्येक नव्या पॅनलपाशी जाऊन वायर लावून प्रोग्राम बदलायचा. एका माणसासाठी?" मग त्यानं तिच्याकडं पाहिलं. नेहमीपेक्षा किंचित जास्त वेळ. "तुला एवढं का लागलंय?"

या प्रश्नाला दोन उत्तरं होती. एक चेकपोस्टचं, की आज आडनाव रिकामं आलं, उद्या दुसरं काही येईल, खालच्या थरात कोणावर विसंबायचं नसतं. ते खरं होतं आणि तिनं तेच दिलं. दुसरं उत्तर जिभेवर आलं आणि परत गेलं. अजित 'ठीक आहे' म्हणाला. "झुंबरवस्तीचा तू बदलून ये. बाकीचे हळूहळू करू." तो परत फोनकडं वळला, आणि ती जिन्यातून उतरताना विचार करत राहिली की 'तुला एवढं का' मधला 'तुला' त्यानं जरा दाबून म्हटला होता की नाही. जिना संपला तरी ते ठरलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी जोतीरामची जीप भवानीनगरवरून गेली. कारखान्याची चिमणी थंड होती, हंगाम संपला होता, पण मळीचा वास हवेत तसाच. वसाहतीकडं वळणारा रस्ता आला आणि गेला. वडील आता दारात खुर्ची टाकून बसले असतील. तिनं त्यांना फोन करून विचारलं, आप्पा, आपल्यातलं कोणी आडनाव लावायचं सोडलं होतं का? रविंद्र हसले. "लई जणांनी सोडलं. माझ्या चुलत्यानं सोडलं. मग रेशनकार्डाला धावले, शाळेत धावले, परत लावलं. ज्यांनी परत लावलं न्हाय ती मानसं येगळी. आपल्याला न्हाय जमलं ते." मग त्यांनीच विचारलं, "का गं? कुणी काय विचारलं का?" कोणी काही विचारलं नाही, ती म्हणाली. फोनच्या पलीकडं त्यांचा सुटलेला श्वास तिला ऐकू आला, आणि तिला त्यांची फार कीव आली, आणि स्वतःचीही. जोतीराम गाडी चालवत होता. त्यानं सगळं ऐकलं असणार. त्यानं रेडिओ लावला. ऐकू येऊ नये म्हणून लावला, की ऐकल्यावर लावला?

झुंबरवस्तीवर पंपाच्या खोलीबाहेर माणसं आधीच जमली होती, कारण मशीन दुरुस्त करायला बारामतीहून ताई येणार हे सगळ्यांना ठाऊक. दादासो आबा पुढं आले; उंच, स्वच्छ धोतर, खांद्यावर टॉवेल. बुद्धघोष जरा बाजूला उभा होता. पन्नाशीचा, काटक, शर्टच्या खिशात कार्ड. मेघनानं पॅनलची झडप उघडून लॅपटॉपची वायर जोडली, आणि हात कामात असले की बोलणं सोपं जातं म्हणून, मान वर न करताच विचारलं, "तुम्ही आडनाव कधीच लावत नाही का?"

"माझ्या बापानं काडून टाकलं," तो म्हणाला. "गंगाराम त्येचं नाव. म्हणला, कुनाला कळाया नगो." मग तो हसला. "काडून टाकल्यावं तर समद्यांस्नीच कळलं."

जोतीराम हसला. आबाही हसले. "जोतीराम म्हणला, आडनाव न्हाय म्हणून मरतंय. आमी म्हणलं ह्येनला, एक टिंब तरी द्या. मशीनची सोय."

"टिंब कुनाचं द्यू?" बुद्धघोष म्हणाला. "बांधावं पुकारताना आमी दोन नावं पुकारली. पाणी येत हुतं की. पाण्यानं कवा तिसरं इचारलं न्हाय."

"आरं बाबा, आमी तरी कुठं इचारलं? मशीन इचारतंय."

मशीन विचारत नव्हतं. न विचारता गेलं म्हणून तर मरत होतं, हे या दोघांना कसं सांगायचं तिला कळेना. तिनं ती तिसरी ओळ लिहिलेला प्रोग्राम चढवायला लावला. पडद्यावर पट्टी सरकत होती, दुसरं करायला काही नव्हतं, आणि अशा रिकाम्या वेळी जे व्हायचं तेच झालं. आबा मायेनं म्हणाले, "ताई, तुमी कुठल्या?"

"भवानीनगरची."

"नाव?"

"मेघना जगताप."

"जगताप म्हंजी पणदऱ्याकडचे का?"

बोळ समोर होता. नेहमीचा, पायाखालचा. भवानीनगरचे, असं परत एकदा म्हणायचं की संपलं. बुद्धघोष तिच्याकडं बघत नव्हता. तो पॅनलकडं बघत होता, त्याला फक्त आपल्या भेंडीची पडली होती, आणि त्याच्या त्या न बघण्यानंच तिचं तोंड उघडलं. "नाही आबा. आम्ही बौद्ध."

"असं व्हय," आबा म्हणाले. पुढं लगेच म्हणाले, "चांगलं हाय, चांगलं हाय. शिकलीसा म्हंजी. च्या घ्या की." चहा आला. स्टीलच्या कपांत आला, सगळ्यांना सारखा. तिनं ते पाहिलं, आणि पाहिल्याबद्दल स्वतःवर चिडली. इतकी वर्षं जपलेली गोष्ट अशी सांडली आणि काहीच झालं नाही, म्हणजे इतकी वर्षं उगाच की काय, असं तिला वाटून गेलं. हलकं वाटत होतं. पण त्या हलकेपणावरही तिचा भरवसा बसत नव्हता.

पट्टी पूर्ण झाली. लाइट आली होती. "पाळीप्रमाणं लावा," ती म्हणाली, "जुन्या पाळीप्रमाणं." आबांनी मान डोलावली. एक जण आला, त्याचं भरणं झालं, मग दुसरा आला, तिसरा आला. ती लॅपटॉपच्या पडद्यावरचे आकडे बघत होती, आत काय येतंय आणि पहारे काय म्हणतायत ते. मग बुद्धघोष पुढं झाला. सगळी माणसं पाऊलभर मागं सरली. मशीन मरताना बघायची त्यांना सवय झाली होती. त्यानं कार्ड लावलं. एक क्षण पॅनल कोरा राहिला, तेवढ्यात तिनं दहा गोष्टी रचल्या. मग अक्षरं आली, मोठी, लखलखीत: बुद्धघोष गंगाराम. पुढं चौकोन नाही, टिंब नाही, काही नाही. पलीकडं पाइपात पाणी धावल्याचा घरघराट झाला. "आलं," तो म्हणाला, आणि तिच्याकडं बघून दोन्ही हात जोडल्यासारखे करून, उत्तराची वाटही न बघता शेताकडं पळाला. मेघनाला रडू येईल असं वाटलं. तिला या माणसाची पाळी परत द्यायची होती, दुसरं काही नाही, आणि ती मिळाली होती.

त्याचं भरणं होईस्तोवर लोक पांगले. पुढची पाळी आबांची. ती वायर गुंडाळत असताना आबा आले. त्यांनी खांद्यावरचा टॉवेल काढला, पॅनलची काच वरपासून खालपर्यंत पुसली, कार्ड लावायची जागा दोनदा पुसली, टॉवेल झटकला आणि मग कार्ड लावलं. पूर्ण नाव आलं, तिन्ही शब्द. त्यांच्या लक्षात आलं की ती बघतेय. "धुराळा लई बसतो, ताई," ते सहज म्हणाले.

आधीच्या तिघांनी काच पुसली होती का? ती तेव्हा लॅपटॉपमध्ये होती. सकाळपासून त्या काचेवर तिचेच हात होते. ते पुसले, की बुद्धघोषचे, की खरंच रस्त्याकडून येणारा धुराळा? जीपपाशी तिनं जोतीरामला विचारलं, "आधीच्या लोकांनी पॅनल पुसला होता का रे?"

"कवा?" तो म्हणाला. "म्या न्हाय बघितलं, मॅडम."

पिशवी गाडीत टाकून ती परत पंपाच्या खोलीपाशी आली. आबा गेले होते, पाणी वाहत होतं. तिनं काचेवर बोट फिरवलं आणि बोट उजेडात धरून पाहिलं. बोटाला काही लागलं नव्हतं. पुसल्यावर काय लागणार.